यंत्राचा उन्हाळा आणि माणसाचा

वैशाख तापू लागला की विदर्भ-खानदेशातील घरोघरी एक तक्रार हमखास कानी येते. दुपारी संगणक मंदावतो, त्याचा पंखा घरघरू लागतो आणि ऐन कामाच्या वेळी यंत्र आपोआप बंद पडते. शिक्षकांची गुणपत्रके, कारकुनांनी घरी आणलेले काम, विद्यार्थ्यांचे प्रवेश-अर्ज हे सारे आता याच यंत्रावर विसंबून आहे. तेव्हा ही तक्रार चैनीची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

आणखी एक पंखा बसवा, हा तीवरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय. परंतु पंख्याची मर्यादा आधी ओळखली पाहिजे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सारीच अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे २०० वॉटचे यंत्र चालू करणे हे त्या खोलीत आणखी दोन माणसे आणून बसविण्यासारखेच होय. यंत्रातील पंखा ही उष्णता खोलीत ढकलतो, नाहीशी करीत नाही. आणि यंत्राला खोलीतील हवेपेक्षा थंड करणे तर त्याच्या आवाक्याबाहेरचेच आहे. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. अनेक उत्पादक आपले यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे, असे सांगतात. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता!

मग करावे काय? प्रथम, यंत्राला श्वास घेऊ द्यावा. टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला खेटून ते ठेवू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची झरोके बुजवू नयेत. दुसरे, धूळ. आतील धातूच्या पात्यांवर धुळीचा थर बसला की पंखा कितीही फिरो, उष्णता आतच कोंडते. उन्हाळ्यापूर्वी वीज तोडून मऊ कुंचल्याने ती काढावी. तिसरे, जड काम पहाटे उरकावे आणि प्रोसेसरचा कमाल वेग थोडा खाली बांधून घ्यावा. लिहिण्या-वाचण्याच्या कामात तो फरक जाणवतही नाही. कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत उपयोगी पडतो खरा. मात्र त्याचा झोत थेट यंत्रावर सोडू नये आणि खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमट हवा साचते. कोकणात, जेथे हवाच ओलसर, तेथे त्याचा भरवसा धरणे व्यर्थ.

एवढे करूनही प्रश्न उरतो, कारण खरा दोष यंत्रात नसून खोलीत आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात ओततो. पत्र्याच्या छपराखालची दुपार तर विचारूच नये. जाड भिंती, माळवद, वाळ्याचे पडदे यांचे शहाणपण आपण टाकून दिले आणि त्या जागी काही आणले नाही. गच्चीला चुन्याचा पांढरा हात देणे, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा अथवा ताटी बांधणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांचा लाभ यंत्राआधी माणसाला होतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्म्याविरुद्ध कृती-आराखडा आखला आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. आपल्या नगरपालिकांनी शाळांच्या छपरांपासून प्रारंभ करावयास काय हरकत आहे?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत कचेऱ्यांमधून संगणकाची खोली वातानुकूलित असे आणि तिच्यात पादत्राणे काढून जावे लागे. शेजारच्या दालनात कारकून मात्र छताच्या पंख्याखाली घाम पुशीत बसत. यंत्राची ती बडदास्त आता संपली असून ते आपल्याच तापलेल्या खोलीत येऊन बसले आहे. फरक इतकाच, की सोसवेनासे झाले की ते बंद पडते; माणूस सोसत राहतो. यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला नेता येते. त्याच खोलीत दुपारभर अभ्यास करणाऱ्या मुलाची काळजी घेण्यासाठी मात्र आधी ती खोलीच निववावी लागेल.