उर्फ

संगणकाचा विषय निघाला की आपल्या कला शाखेत ‘तो विज्ञानवाल्यांचा प्रांत’ असे म्हणून तो मिटवला जातो. मला हे मान्य नाही. ‘अ‍ॅपल’ कंपनीच्या जुन्या मॅकिंटॉश संगणकातल्या दोन सोयी पाहा. भाषेच्या विद्यार्थ्याला त्या इतरांपेक्षा लवकर कळतील, असे माझे धाडसी मत आहे.

१९९१ साली त्या संगणकासाठी ‘सिस्टिम ७’ आली आणि फाइलचे ‘एलियास’ करता येऊ लागले. एलियास म्हणजे आपल्या कागदपत्रांतले ‘उर्फ’. फाइल जागच्या जागी राहते. तिच्याकडे नेणारी छोटीशी खूण मात्र हवी तिथे ठेवता येते. या खुणेचे नाव तिरप्या अक्षरांत दिसे. अस्सल कोण आणि उर्फ कोण, हा घोटाळा नको! मूळ फाइलचे नाव बदला, तिला त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, उर्फ तिला हुडकून काढीच. कारण नाव-पत्त्याबरोबर फाइलचा अंतर्गत क्रमांकही त्याच्यापाशी असे. शिरवाडकरांनी घर बदलले म्हणून ‘कुसुमाग्रज’ या हाकेला दुसरे कोणी ओ देत नाही, तसेच हे. उर्फ पुसले तरी मूळ फाइलला धक्का नाही. मात्र नुसते उर्फ फ्लॉपीवर घालून मित्राकडे नेले, तर हाती फक्त नाव, मजकूर घरीच. (टोपणनावे पाठ करून परीक्षेला बसणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

दुसरी सोय ‘एक्स्टेन्शन’. हे प्रणालीत भर घालणारे छोटे प्रोग्राम. त्यांच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. पडद्याच्या तळाशी एकेकाचे चित्र रांगेने उमटे. पण हे पाहुणे थेट माजघरात शिरत. स्मृतीत एकमेकांपासून आडभिंती नव्हत्या, त्यामुळे दोघांचे बिनसले की सारे घर ठप्प. मग शिफ्टची कळ दाबून, सगळ्यांना बाहेर ठेवून संगणक सुरू करायचा. अर्धे आत घ्यायचे, अर्धे बाहेर. पुन्हा त्यातले अर्धे. असे करत दोषी सापडे. ते वर्णक्रमाने आत येत, म्हणून काहीजण एखाद्याच्या नावाआधी मोकळी जागा टाकून त्याला रांगेत पुढे आणीत!

या दुसऱ्या सोयीला लोक शिव्या देत, आणि त्या गैर नव्हत्या. २००१ साली ‘मॅक ओएस टेन’ आली, प्रोग्रामांमध्ये भिंती उभ्या राहिल्या, स्थैर्य आले. ते हवेच होते. पण घराच्या मालकालाच माजघर परके का व्हावे? आज मोबाइल अडला की ‘काहीतरी चुकले’ एवढेच उत्तर मिळते. ज्याच्या घरी विचारायला जाणता माणूस आहे, त्याचे एक वेळ निभावते. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी, त्यांना कारण शोधायची मुभा देणारे यंत्र हाच शिक्षक असतो, आणि तोच आता बोलेनासा झाला आहे. ही तक्रार विज्ञान शाखेची कशी?

ही जुनी प्रणाली आज ब्राउझरमध्येही चालवून पाहता येते. आपल्या संगणक कक्षात एखाद्या मोकळ्या तासाला ती जरूर उघडावी. एखाद्या फाइलचे उर्फ करावे, मूळ फाइल दुसरीकडे लपवावी, आणि मग उर्फवर दोनदा टिचकी मारावी.