जुनी राजधानी पाहावी कशी ?

देशाटन हें शिक्षणाचें एक अंग आहे, असें आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानीत आले आहेत. पुस्तकांत वाचलेलें शहर आणि डोळ्यांनीं पाहिलेलें शहर ह्यांत किती अंतर असतें, हें ज्यांनीं एकदां तरी अनुभविलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. परंतु ‘पाहणें’ म्हणजे काय, ह्याचा विचार प्रवासास निघणारे थोडेच लोक करितात. हल्लीं आपल्या मराठी कुटुंबांतीलहि पुष्कळ मंडळी युरोप-अमेरिकेच्या प्रवासास जातात. तेथील ऐतिहासिक राजधान्यांत ‘सेगवे’ नांवाच्या दुचाकी यंत्रावर उभें राहून, खासगी मार्गदर्शकाच्या मागोमाग, दोन-तीन तासांत शहर पाहून घेण्याची सोय त्यांच्यापुढें येते. ही सोय घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याच्या पोटांत दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. इतिहास कोणत्या गतीनें पाहावा, हा एक. आणि दुसऱ्याच्या शहरांत पाहुण्यानें कसें वागावें, हा दुसरा. म्हणून चेक प्रजासत्ताकाची राजधानी जें प्राग शहर, त्याचें उदाहरण घेऊन ह्या विषयावर आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम यंत्राशीं न्यायानें वागूं. डीन केमेन ह्या अमेरिकन संशोधकानें ३ डिसेंबर २००१ रोजीं तें जगापुढें मांडलें. ह्याचीं दोन चाकें सायकलीप्रमाणें एकामागें एक नसून शेजारीं-शेजारीं असतात. त्यांच्या मध्यें उभें राहण्यापुरती फळी आणि समोर हातांत धरावयाचा दांडा, एवढाच त्याचा थाट. असें असूनहि तें कोलमडत नाहीं, ह्याचें कारण त्याच्या आंत बसविलेलीं कल मोजणारीं साधनें होत. तीं एका सेकंदांत सुमारें १०० वेळां तोल तपासतात आणि त्या मानानें चाकें फिरविलीं जातात. माणूस किंचित् पुढें झुकला कीं यंत्र पुढें जातें. मागें रेलला कीं थांबतें. वेग ताशीं २० किलोमीटरपर्यंत जातो. आपण चालतों तेव्हांहि शरीराचा भार पुढें टाकतों आणि पडण्याच्या आंत पाऊल टाकून स्वतःस सांवरतों. तेंच काम येथें चाकांकडून करविलें आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास आनंद व्हावा, इतकी ही योजना सुरेख आहे.

ह्या यंत्रामुळें शहरांतील जाण्यायेण्याची रीतच पालटेल, अशी त्या वेळीं मोठी आशा होती. ती फळास आली नाहीं. किंमत सुमारें ५,००० डॉलर. रस्त्यावर मोटारींची भीति आणि पदपथावर चालणाऱ्यांची अडचण. अशा स्थितींत सुमारें १,४०,००० यंत्रें खपलीं, आणि १५ जुलै २०२० रोजीं मूळ सेगवेचें उत्पादन बंद करण्यांत आलें. घरोघरीं जाण्यासाठीं जन्मास आलेलें हें यंत्र शेवटीं मुख्यतः पहारेकऱ्यांच्या आणि हौशी प्रवाशांच्या पायांखालीं येऊन राहिलें.

प्रवाशांस तें कां आवडावें, हें समजणें कठीण नाहीं. प्रवासी दुरून आलेला असतो, खर्च पुष्कळ झालेला असतो आणि हातीं वेळ थोडा असतो. पायीं फिरण्यास जें अंतर सकाळभर पुरेल तें चाकांवर तासाभरांत उरकतें. शिवाय सहल खासगी असली म्हणजे मार्गदर्शक केवळ त्या एका कुटुंबापुरता असतो. चाळीस माणसांच्या घोळक्यांत ज्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, असा तो नसतो. मुलानें मध्येंच प्रश्न विचारला तर त्यास उत्तर मिळतें. हा लाभ खरोखर मोठा आहे, आणि त्याविरुद्ध आम्हांस कांहींएक म्हणावयाचें नाहीं. मात्र पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ह्या यंत्रावर उभें राहण्यास शरीराचें वजन निदान ४५ किलो तरी असावें लागतें. त्याहून हलक्या माणसाच्या झुकण्यास यंत्र नीट दाद देत नाहीं. म्हणजे ज्या लहान मुलांस इतिहास दाखवावयाचा, त्यांच्यापैकीं पुष्कळांस ही सहल मुळींच घडावयाची नाहीं.

आतां शहराकडे वळूं. प्राग हें मोटारींसाठीं किंवा यंत्रांसाठीं वसलेलें शहर नव्हे. तें पायांसाठीं वसलेलें आहे. सम्राट चौथा चार्ल्स ह्यानें १३४८ सालीं तेथें विद्यापीठ स्थापिलें आणि १३५७ सालीं व्ल्टाव्हा नदीवर दगडी पुलाचें काम आरंभिलें. सोळा कमानींचा हा पूल ५१६ मीटर लांब आहे, पण रुंदी मात्र सुमारें १० मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून तीस मूर्ति व मूर्तिसमूह उभे आहेत. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचें खगोलीय घड्याळ आहे. तें अजून चालतें, आणि दर तासास त्याच्या झरोक्यांतून बारा प्रेषितांच्या प्रतिमा फिरून जातात. टेकडीवरील सेंट व्हाइटसचें मंदिर १३४४ सालीं सुरू झालें, तें १९२९ सालीं पुरें झालें. जें बांधावयास जवळजवळ सहाशें वर्षें लागलीं तें पाहण्यास आपण किती मिनिटें द्यावीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

प्रागनें चाकांचा अनुभव पूर्वीं घेतलेला आहे, हेंहि येथें सांगणें जरूर आहे. त्या पुलावरून १८८३ पासून घोड्यांची ट्राम धांवत होती. १९०५ मध्यें तिची जागा विजेच्या ट्रामनें घेतली, आणि पुढें मोटार-बसहि आली. परंतु १९६५ ते १९७८ ह्या काळांत पुलाची मोठी दुरुस्ती झाली आणि त्यानंतर तो केवळ पायीं चालणाऱ्यांसाठीं राखण्यांत आला. शहरानें अनुभवानें एक धडा घेतला, तो असा कीं जें वाहनानें ओलांडतां येतें तें सर्वच वाहनानें ओलांडावें असें नाहीं. १९९२ सालीं युनेस्कोनें प्रागच्या ऐतिहासिक भागास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

ह्या शहरांतील इतिहासाच्या सर्वांत हृदयस्पर्शी खुणा उंचावर नसून पायांखालीं आहेत. नगरभवनासमोरील फरसबंदींत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस बसविलेले आहेत. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं श्वेतगिरीच्या लढाईंत बोहेमियाच्या सरदारांचा पराभव झाला, आणि पुढील वर्षीं २१ जून रोजीं ह्या चौकांत २७ पुढाऱ्यांस देहांत शिक्षा देण्यांत आली. त्यांत सरदार होते, स्वार होते, साधे नागरिकहि होते. १६०० सालीं प्रागमध्यें जाहीर शवविच्छेदन करून दाखविणारा वैद्य आणि विद्यापीठाचा प्रमुख यान येसेनियस हाहि त्यांतच होता. शहरांतील दुसऱ्या कित्येक गल्ल्यांत घरांच्या दारांपुढें हाताच्या पंजाएवढे पितळी दगड दिसतात. गुंटर डेमनिग ह्या जर्मन कलावंतानें ही कल्पना काढली, आणि प्रागमध्यें ते २००८ पासून बसविण्यांत येऊं लागले. ह्या घरांत राहणारा अमुक मनुष्य, अमुक सालीं जन्मला, अमुक सालीं त्यास नेलें, अमुक छावणींत तो मेला, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नाझी अंमलांत ठार झालेल्या ज्यू कुटुंबांचीं तीं स्मारकें होत. तीं वाचावयाचीं तर थांबावें लागतें आणि वांकावें लागतें.

आणि नेमकी येथेंच ह्या यंत्राची मर्यादा उघड होते. त्यावर उभा असलेला मनुष्य खालीं पाहण्यासाठीं पुढें झुकला कीं यंत्र पुढें धांवूं लागतें ! म्हणजे दुसऱ्याच्या दुःखापुढें नम्र होण्याची जी शरीराची स्वाभाविक क्रिया, तीच येथें त्या जागेपासून दूर जाण्याची आज्ञा ठरते. हा यंत्राचा दोष नव्हे; तें पुढें जाण्यासाठींच केलेलें आहे. दोष आहे तो, सर्व स्थळें पुढें जाण्यासाठींच असतात, असें समजणाऱ्या आपल्या मनाचा.

प्रागमध्यें सेगवेच्या सहली इतक्या वाढल्या कीं पदपथांवर चालणाऱ्या रहिवाशांकडून तक्रारी येऊं लागल्या. आणि २०१६ सालीं नगरपालिकेनें शहराच्या मध्यभागांत ह्या यंत्रांस बंदी केली. सहली चालविणाऱ्यांनीं विरोध केला. त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. कित्येकांचें पोट त्या धंद्यावर होतें. नियम कडक करावे, पण सरसकट बंदी नको, ही त्यांची मागणी विचार करण्याजोगी होती. धंदा बुडणें म्हणजे काय, हें आपल्या वाचकांतील दुकानदार पालकांस चांगलें ठाऊक आहे, आणि म्हणून ह्या बाजूची थट्टा करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

तरीहि आमचें मत नगरपालिकेच्या बाजूस पडतें. प्राग हें संग्रहालय नव्हे. तेथें तेरा लाखांहून अधिक माणसें राहतात. अरुंद पदपथावरून भाजी घेऊन परतणारी वृद्ध स्त्री, शाळेस निघालेलें मूल, बाबागाडी ढकलणारी आई, ह्यांचा त्या वाटेवरील हक्क पाहुण्याच्या करमणुकीहून श्रेष्ठ आहे. सुमारें पन्नास किलो वजनाचें यंत्र आणि त्यावर थोड्या मिनिटांपूर्वीं तोल सांवरावयास शिकलेला मनुष्य, असा हा भार गर्दींत शिरला तर धोका कोणास ? यंत्रावरील माणसास शिरस्त्राण दिलेलें असतें. रस्त्यावरील म्हातारीस कोणीं दिलेलें नसतें. आपल्या घरीं आलेला पाहुणा ओसरीवर सायकल फिरवूं लागला तर आपणांस काय वाटेल, हें मनांत आणावें म्हणजे पुरे.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून आमचें म्हणणें अपुरें राहील. ज्यास चालवत नाहीं त्यानें काय करावें ? जुन्या राजधान्या काय केवळ धडधाकट लोकांसाठींच आहेत ? हा आक्षेप खरा आहे. किंबहुना सेगवेचा उगमच येथें आहे. पायऱ्या चढणारी आणि दोन चाकांवर तोल धरून उभी राहणारी अपंगांची खुर्ची केमेन ह्यांनीं आधीं योजिली होती, आणि तोल सांवरण्याची ती विद्या मग ह्या यंत्रांत आली. अमेरिकेंत युद्धांत जायबंदी झालेल्या कित्येक सैनिकांस सेगवेमुळें पुन्हां ताठ उभें राहून लोकांच्या डोळ्यांस डोळा देऊन बोलतां आलें. म्हणून गरज आणि करमणूक ह्यांत कायद्यानें भेद केला पाहिजे. ज्यास पायांच्या ऐवजीं यंत्र लागतें त्यास वाट मोकळी असावी. ज्यास पाय असून केवळ गंमत म्हणून यंत्र हवें आहे त्यानें गर्दीची जागा सोडावी. असा भेद न करणारी बंदी आंधळी होय, आणि असा भेद न करणारी मोकळीकहि तितकीच आंधळी.

स्थळाचा विचारहि हवाच. वॉशिंग्टन हें दुसरें उदाहरण पाहा. त्या राजधानीचा आराखडा १७९१ सालीं लांफां ह्या फ्रेंच स्थापत्यकारानें मुद्दाम रुंद, सरळ रस्ते धरून आंखला. कॅपिटॉलपासून लिंकनच्या स्मारकापर्यंत सुमारें तीन किलोमीटरची मोकळी जागा आहे. तेथें चाकांवरून फिरण्यांत कोणाची वाट अडण्याचा संभव पुष्कळ कमी. उलट पॅरिसमध्यें भाड्याच्या विजेच्या स्कूटरांविषयीं २ एप्रिल २०२३ रोजीं लोकमत घेतलें, तेव्हां मत देणाऱ्यांपैकीं सुमारें ८९ टक्क्यांनीं त्या नकोत असें सांगितलें आणि त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. मत देण्यास आलेले लोक शेंकडा आठांहूनहि कमी होते, हें खरें. पण जे आले त्यांचा कौल स्पष्ट होता. तात्पर्य, एकच यंत्र एका ठिकाणीं सोय आणि दुसऱ्या ठिकाणीं उपद्रव ठरतें. यंत्र चांगलें कीं वाईट, असा वाद घालण्यापेक्षां तें कोठें आणि कोणासाठीं, हें विचारणें शहाणपणाचें.

मग प्रवाशानें करावें काय ? आमची सूचना साधी आहे. मार्गदर्शक ठेवावा आणि चाकें सोडावीं. यंत्रावर खर्च व्हावयाचा पैसा जाणत्या माणसाच्या अधिक वेळासाठीं खर्च करावा. प्रागच्या किल्ल्याची चढण ज्यांस जड वाटेल त्यांनीं २२ क्रमांकाच्या ट्राममध्यें बसावें. ती वरपर्यंत नेते, आणि तेथील माणसांच्या शेजारीं बसण्याचा लाभहि देते. एका दिवशीं दहा स्थळें पाहण्यापेक्षां तीन पाहावीं. पिंकास सभागृहाच्या भिंतींवर नाझी छळांत मेलेल्या सुमारें ७८,००० ज्यू लोकांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. त्यांपैकीं निदान दहा नांवें तरी मुलांकडून सावकाश वाचवून घ्यावीं. तीं दहा नांवें त्यांच्या स्मरणांत राहतील. धांवतांना टिपलेलीं शंभर छायाचित्रें राहावयाचीं नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांस पुढें-मागें जगांतील मोठमोठीं शहरें पाहण्याचा योग येईल. नव्या यंत्रांचें कुतूहल अवश्य बाळगा. तीं कशीं चालतात तें समजून घ्या. मोकळ्या मैदानांत त्यांवर बसण्याची हौसहि फेडून घ्या. परंतु जेथें पूर्वीच्या माणसांनीं जीव दिला, विद्या दिली किंवा सहा शतकें दगडावर दगड रचला, तेथें पायउतार व्हा. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, सहलीहून परत आल्यावर मुलांस ‘किती स्थळें झालीं ?’ असें न विचारतां ‘कोठें थांबलास ?’ असें विचारावें.