बेण्याचा शब्द आणि कायदा



लागणीचा हंगाम आला की बेण्यासाठी धावाधाव सुरू होते. “को ८६०३२ आहे, लागणीचा ऊस आहे, दहा महिन्यांचा आहे,” एवढ्या शब्दावर गाडी भरली जाते. पुढे फडात काणीचे काळे चाबूक दिसू लागतात. चौकशी करावी तर बेणे निघते खोडव्याचे! मग “आपलं नशीब” म्हणून सभासद गप्प बसतो. हे गप्प बसणे आम्हाला मान्य नाही.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. जाणूनबुजून खोटे सांगितले तर ती कलम १७ खाली फसवणूक. पण पक्की माहिती नसताना ठासून चुकीचे सांगितले तरी कलम १८ लागू होते, मग सांगणाऱ्याला ते खरे वाटत असले तरीही. तेव्हा “मलाही तसंच सांगितलं होतं” ही सबब पुरत नाही. मात्र “एकरी ऐंशी टन पडेल” ही नुसती बढाई झाली. जात, वय, लागण की खोडवा, ही वस्तुस्थिती.

अशा वेळी कलम १९ दोन वाटा देते. एक, करार रद्द करणे. मग कलम ६४ प्रमाणे घेतलेले परत द्यावे लागते आणि कलम ७५ खाली भरपाई मागता येते. पण जमिनीत गाडलेली टिपरी परत कशी देणार? म्हणून दुसरी वाट आपल्या कामाची: करार कायम ठेवून, सांगितलेले खरे असते तर आपण ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत आणून ठेवा, अशी मागणी करणे.

एक मेख मात्र आहे. साध्या चौकशीने खरे कळण्याजोगे असेल, तर चुकीच्या कथनावरून करार रद्द करता येत नाही. उघड उघड खोटे बोलून फसवले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बेण्याचा फड आधी स्वतः फिरून पाहावा. पावतीवर जात, वय व लागणीची तारीख लिहून घ्यावी. दोष दिसताच गट ऑफिसला कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत नांगर घालू नये.

बियाणे कंपनी किंवा रोपवाटिकेने फसवले तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. शेतकरीही ग्राहकच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

जाता जाता एक कटू गोष्ट. तोड लवकर मिळावी म्हणून नोंदीत लागणीची तारीख मागची लावणारेही आपल्यातच आहेत. दुसऱ्याच्या शब्दाला लावतो तेच माप आपल्याही शब्दाला लावले पाहिजे. सहकार उभा आहे तो याच विश्वासावर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

— ऊस विकास अधिकारी