सापडला नाही, की शोधलाच नाही?

परवा आप्पाकाकांकडे गेले होते. निमित्त त्यांच्या कॉम्प्युटरचं. हार्ड डिस्क गेली म्हणून त्यांच्या भाच्याने नवी बसवून डेबियन १२ टाकून दिलं, आणि त्या दिवसापासून काकांचा माऊस चालेना. "डिटेक्टच होत नाहीये, मेलाय तो. फेका आता, नवा कितीसा महाग येतो!" असा निकाल देऊन भाचेबुवा पसार. (हो, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. पुढेही वाच. :-) )

काकांचा माऊस म्हणजे नव्वदच्या दशकातला, नऊ पिनांचा सिरियल माऊस. तीन टणक बटणं, पोटात रबरी गोळी, वजनाला भक्कम. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांचा उजवा हात थरथरतो. नव्या हलक्या माऊसवर नको तिथे क्लिक होतं, बाण पळत सुटतो. या ठोकळ्यावर मात्र हात टेकवून ते रोज तासभर घराण्याची वंशावळ लिहितात. तेव्हा नवा स्वस्त की महाग, हा मुद्दाच नाही.

माझं भांडण आहे ते "डिटेक्ट झाला नाही" या वाक्याशी. यूएसबीचा माऊस जोडला की तो स्वतःची ओळख सांगतो, कारण तशी पद्धतच तिथे ठरलेली आहे. सिरियल पोर्टाला असली काही सोय नाही. तिथे माऊस आहे, मोडेम आहे की वजनकाटा, हे लिनक्सला कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या बाबतीत ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे माऊस सापडला नाही असं नव्हे, तो शोधलाच नव्हता. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे मंडळी!

मी काय केलं, तेही सांगते. आधी डीमेसेजचा मजकूर पाहिला. त्यात टीटीवायएस० हे पोर्ट दिसत होतं. (दिसत नसेल तर बायॉसमध्ये ते बंद आहे का बघायचं.) मग रूट होऊन पोर्टाचा वेग १२०० केला, डेटा ७ बिटांचा, आणि कॅट ही साधी आज्ञा देऊन माऊस हलवला. पडद्यावर अगम्य अक्षरांचा पाऊस! इतके दिवस मेलेला माऊस घडाघडा बोलत होता. मग इनपुटअटॅच हे पॅकेज टाकून त्याला सांगितलं, की या पोर्टावर मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा माऊस आहे. बाण हलला, पण बेडकासारखा उड्या मारायला लागला. माऊस उलटा केला तर पोटाखाली एक छोटा खटका, एमएस आणि पीसी असा. तो पीसीवर होता, म्हणजे माऊस तीन बाइटांऐवजी माऊस सिस्टिम्सच्या पाच बाइटांच्या भाषेत बोलत होता. खटका सरकवला, माऊस काढून पुन्हा जोडला, काम झालं. दर वेळी कॉम्प्युटर सुरू होताना ही आज्ञा आपोआप चालेल अशी सोय केली आणि चहा प्यायले.

आता कुणी म्हणेल, मग लिनक्सने आपणहून सगळी पोर्टं तपासावीत की. नको! विंडोज एनटी तसं तपासायचं, आणि त्या चाचपणीत पोर्टाला जोडलेला यूपीएस बंद पडण्याचे प्रकार होत. म्हणून 'नोसिरियलमाइस' नावाचा पर्याय द्यावा लागला होता. न विचारता कुणाच्याही अंगाला हात लावू नये, हे मला मान्यच आहे. पण विचारायला काय हरकत आहे? नव्वदच्या दशकात लिनक्स बसवताना सरळ प्रश्न यायचा, माऊस कुठला आणि कुठल्या पोर्टावर? तो प्रश्न लोकांना किचकट वाटतो म्हणून काढला. ठीक आहे, पण सेटिंगमध्ये कोपऱ्यात एक ओळ ठेवा की, "सिरियल माऊस आहे का? तपासू?" ज्याला नको तो बघणारही नाही. ज्याला हवा त्याला तरी कळेल, की आपली वस्तू मेलेली नाही.

आणि हे फक्त यंत्रांपुरतं नाही. झटक्यानंतर काका सावकाश बोलतात, शब्द जुळवायला वेळ लागतो. घरात कार्य असलं की सगळे त्यांच्यासमोरच काकूंना विचारतात, "यांना समजतं का हो?" अहो, त्यांनाच विचारा ना! आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.

मी निघताना त्यांनी पणजोबांच्या भावाचं नाव टाइप करून दाखवलं. पाच अक्षरांना दोन मिनिटं लागली. एकही चूक नव्हती.