उन्हाळा आमचा, वास कोणाचा?

परभणी. शनिवारची दुपार, मे महिना, पारा ४४ ला टेकलेला. कूलरला यंदा हट्टाने वाळ्याच्या ताट्या लावून घेतल्यात आणि त्यांच्यासमोर बसून हे लिहितोय. म्हणजे डोकं थंड आहे. राग जुना आहे.

झालं असं. गेल्या सोमवारी पुण्यात हापिसला जाताना मनगटाला वाळ्याचं अत्तर लावलं. एकच थेंब. शेजारच्या डेस्कवरचा मित्र नाक उडवत म्हणाला, "काय रे, आज ईद आहे का?" सगळे हसले. मीही हसलो. मला टोचलं ते हेच, की मीही हसलो.

आता गंमत ऐका. या मित्राकडे एक महागडी फ्रेंच बाटली आहे. तो ती कौतुकाने दाखवतो, "समर परफ्यूम असावं तर असं. एलिगंट! व्हेटिव्हर आहे." अरे बाबा, व्हेटिव्हर म्हणजे वाळाच! शब्दसुद्धा मूळ तमिळ, वेट्टिवेर. तो फ्रेंचमधून फिरून आला म्हणून एलिगंट झाला, आणि आमच्या माठातली वाळ्याची जुडी मात्र गावठी?

"उन्हाळी सुगंध" ही कल्पनाच मुळात कुठून आली ते बघा. १७०९ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन माणसाच्या घराण्याने सुगंधाचा धंदा सुरू केला. लिंबू-संत्र्याच्या त्याच्या त्या पाण्यात त्याला इटलीतली वसंतातली सकाळ आठवायची. तेच ओ द कोलोन. आपल्याकडे ते युडी कोलन होऊन तापाच्या घड्यांपर्यंत पोचलं :) पुढे १९६६ मध्ये फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅलोन नावाचं रसायन सापडलं. कलिंगड आणि समुद्री वारा यांच्या मधला त्याचा वास. नव्वदीत त्यावर "समुद्री" परफ्यूमची लाटच आली. छान आहेत, मीही वापरली. पण परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आमच्या उन्हाळ्यात खारा वारा नाही, मोगरा आहे, वाळा आहे आणि वळिवाच्या पहिल्या सरीनंतरची माती आहे.

त्या मातीचंही अत्तर असतं. कनौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगेत शिजवतात. वाफ बांबूच्या नळीतून खाली चंदनतेल भरलेल्या भांड्यात उतरते. १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी "नेचर"मध्ये मातीच्या वासावर लेख लिहून "पेट्रिकोर" हा शब्द घडवला, त्यात कनौजच्या या अत्तराचीही दखल आहे. आणि आम्ही? पाऊस पडला की स्टेटसला "पेट्रिकोर" टाकतो, अत्तर लावणाऱ्याला हसतो.

तुम्ही म्हणाल, अत्तर उग्र असतं. असतं ना, मालिश केल्यासारखं चोपडलं तर! शिवाय उरुसाच्या गाड्यावरची बरीचशी स्वस्त अत्तरं कृत्रिम असतात, हेही कबूल. पण साधं शास्त्र बघा. स्प्रेमधलं अल्कोहोल आणि लिंबासारखे हलके वास गरमीत भराभर उडतात. एसीत बसणाऱ्याला चालतं, पण स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्याचं निम्मं परफ्यूम गाडी लागायच्या आत संपतं. वाळ्याचे रेणू जड, तेलात मुरलेले. ते हळूहळू येतात आणि जवळ बसणाऱ्यापुरतेच येतात. ज्या भांड्यात अत्तर उतरतं त्याला भपका म्हणतात. पण भपका मारतो तो स्प्रे!

आता "ईद आहे का" या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न वासाचा नव्हताच. परभणीत दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. सगळे जातात. माझे आबा दरवर्षी तिथून वाळ्याची छोटी शिशी आणायचे आणि उन्हाळाभर कानात फाया ठेवून शेतात जायचे. त्याच आबांनी घरातल्या प्रत्येक मुंजीत, लग्नात अत्तरदाणी घेऊन पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, वर गुलाबपाणी शिंपडलं. तेव्हा कोणी विचारलं नाही, हा वास कुठल्या धर्माचा.

इंजिनिअरिंगला निघालो तेव्हा आबांनी एक शिशी हातात दिली. ती मी चार वर्षं होस्टेलच्या ट्रंकेत तळाशी लपवली. पोरं हसतील म्हणून. कॅम्पस इंटरव्ह्यूला मित्राचा डिओ मागून मारला. आबा गेले तेव्हा शिशी निम्मी उडून गेलेली होती. तेव्हा मित्राला काय बोलू, पहिला गुन्हेगार मीच.

मी स्वदेशीचा झेंडा घेऊन आलेलो नाही. फ्रेंच बाटली आवडते? खुशाल लावा. पण एलिगंट कशाला म्हणायचं हे बाटलीवरच्या भाषेवरून ठरवू नका. आणि अत्तर लावणाऱ्याचा धर्म, गाव, पगार त्याच्या मनगटावरून हुंगू नका.

सोमवारी परत हापिस आहे. आबांच्या शिशीत अजून थोडं शिल्लक आहे. एक थेंब लावूनच जाणार. आणि कोणी विचारलंच, ईद आहे का, तर या वेळी हसणार नाही. सांगणार, "नाही रे, मे महिना आहे."