अवघड जागेचे दुखणे आणि नऊ अंशांचा नियम

मा. दाविद लापार्तियां,
अध्यक्ष, यूसीआय (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना), एगल, स्वित्झर्लंड
यांस,


आपल्या नियमपुस्तकात सायकलच्या सॅडलची मापे फार काटेकोर दिली आहेत. लांबी 24 सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि 30 पेक्षा जास्त नको, उतार नऊ अंशांच्या आत हवा. शर्यतीच्या दिवशी पंच ही मापे तपासतात आणि त्यात न बसणारी सायकल बाजूला काढतात. पण ही सगळी मापे सायकलची झाली. त्या सॅडलवर जिला तासन् तास बसायचे आहे, तिच्या शरीराला ते मानवते का, हे पाहण्याची जबाबदारी त्या पुस्तकात कुणावरच नाही. महिला सायकलपटूंच्या बाबतीत सॅडल हा आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून खेळाडूच्या मापाने घडवलेले सॅडल ही तिची हौस न मानता तिच्या संघाचे कर्तव्य मानावे, एवढी मागणी मी या पत्रातून करत आहे.

सरळ बसून सायकल चालवताना शरीराचा भार मुख्यतः बसण्याच्या दोन हाडांवर पडतो. शर्यतीत हात खाली जातात, पाठ आडवी होते, कटी पुढे कलते आणि तो भार हाडांवरून सरकून जघनास्थीच्या कमानीवर आणि तिच्या लगतच्या मऊ भागावर येतो. स्त्रियांची ही कमान सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा रुंद असते, आणि भगोष्ठांचा आकार तर प्रत्येकीचा निराळा. चिंचोळ्या नाकाच्या सॅडलवर हा भाग दर पायडलला दाबला जातो, घासला जातो. त्यातून सोलवटणे, गळवे, बधिरपणा आणि लसिकेचा निचरा अडून येणारी कायमची सूज उद्भवते. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सहा स्पर्धक महिलांची नोंद केली होती. आठवड्याला शेकडो किलोमीटर चालवणाऱ्या या सहाही जणींना एका बाजूच्या भगोष्ठाला न ओसरणारी सूज होती. त्यानंतर 2006 मध्ये अमेरिकेत मार्शा गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 48 सायकलपटू आणि 22 धावपटू महिलांची तुलना केली. सायकलपटूंच्या जननेंद्रियाची संवेदना कमी झालेली आढळली. मात्र लैंगिक आयुष्यावर त्याचा दुष्परिणाम झालेला त्या तरुण, निरोगी गटात दिसला नाही. ‘हा प्रश्न एवढा मोठा असता तर मुलींनी तक्रार केली नसती का?’ असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. इजा आधी होते आणि तक्रार फार उशिरा येते, कधी येतच नाही. त्यात हे अवघड जागेचे दुखणे. संघात घ्यायचे की नाही हे ज्यांच्या हाती, त्या बहुधा पुरुष असलेल्या प्रशिक्षकांसमोर ते बोलायचे कसे?

बोलता येईल अशी व्यवस्था केली की काय घडते, हे ब्रिटनच्या संघाने दाखवून दिले. रिओ ऑलिंपिकच्या आधी तिथले फिजिओथेरपिस्ट फिल बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या घर्षणाचे अभ्यासक, शल्यविशारद आणि स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाचे तज्ज्ञ यांना एकत्र बसवले. त्यातून साधी पथ्ये निघाली. त्या जागचे केस काढू नयेत, हे त्यांतले एक. शिवाय सॅडल पुढे अधिक कलवू द्यावे, ही मागणी आपल्याकडे आली. आपल्या संघटनेने ती ऐकली आणि 2016 मध्ये अडीच अंशांची सूट नऊ अंशांपर्यंत वाढवली. स्पर्धेआधीच्या सहा महिन्यांत संघात सॅडलच्या जखमेची एकही तक्रार आली नाही, असे त्या वेळी सांगण्यात आले. तो निर्णय योग्य होता आणि त्याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. पण तीनच वर्षांनी, 2019 मध्ये, ब्रिटनचीच पॅरा-सायकलपटू हॅना डाइन्स हिने वर्षानुवर्षांच्या सुजेमुळे कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेबद्दल स्वतःच्या नावाने वर्तमानपत्रात लिहिले. चुकीच्या आकाराचे सॅडल कितीही अंश कलवले तरी त्याचा आकार बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुकानदारांकडून. महिलांसाठीची सॅडल बाजारात आहेत, मध्ये खाच असलेलीही आहेत, त्यांतले निवडावे. या आक्षेपाला उत्तर 2011 च्या एका अभ्यासात आहे. तो गेस यांच्याच गटाने 48 स्पर्धक महिलांवर केला होता. खाचेच्या आणि अरुंद सॅडलवर दाब उलट प्रतिकूल आढळला. याचे कारण समजण्यासारखे आहे. खाच कापली की भार तिच्या कडांवर एकवटतो, आणि त्या कडा कुणाच्या हाडाखाली येतील नि कुणाच्या मऊ भागाखाली, हे शरीरागणिक बदलते. ‘महिला’ हे एक माप नाही. दाब मोजणारे आच्छादन सॅडलवर पसरून, शर्यतीच्याच पवित्र्यात खेळाडूला बसवून तिच्या भाराचा नकाशा काढता येतो. त्या नकाशावरून थ्रीडी प्रिंटिंगने एकटीपुरते सॅडल घडवण्याचे तंत्रही आज उपलब्ध आहे.

दुसरा आक्षेप आपल्या कार्यालयातून येईल, आणि तो अधिक वजनदार आहे. शर्यतीत वापरायचे साहित्य इतरांनाही विकत मिळण्याजोगे असावे, हे आपले तत्त्व आहे. श्रीमंत संघांनी गुप्त यंत्रे बनवून पदके नेऊ नयेत म्हणून ते असलेच पाहिजे. पण टाइम ट्रायलमध्ये हाताच्या साच्यावरून घडवलेले हँडलबारचे दांडे सर्रास दिसतात. 2022 मध्ये फिलिप्पो गान्नाने तासाभरात 56.792 किलोमीटर अंतर कापले ते थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या सायकलवर. कोपरापासून मनगटापर्यंतचा आकार हवा कापण्यासाठी मापाने घडवता येतो, तर जखम टाळण्यासाठी सॅडल का नाही? विक्रीची अट इथे घडवण्याच्या सेवेला लावा. जी कार्यशाळा एका संघासाठी सॅडल बनवते, तिने मागेल त्या प्रत्येकीसाठी जाहीर दरात ते बनवावे. लांबी आणि उताराच्या मर्यादा आहेत तशाच ठेवा. दुखणे टळल्यामुळे कुणी वेगाने गेली, तर तो वेग तिचा स्वतःचाच होता.

पुरुषांनाही हा त्रास होतो, हे खरेच आहे. 1990 च्या दशकात अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ आयर्विन गोल्डस्टाइन यांनी सॅडल आणि नपुंसकत्व यांचा संबंध जाहीरपणे मांडला, तेव्हा सॅडल बनवणारे खडबडून जागे झाले. तशी जाग महिलांच्या बाबतीत आलेली नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांची टाइम ट्रायल एकाच 32.4 किलोमीटरच्या मार्गावर झाली. अंतर सारखे केले, ते उत्तम झाले. मग त्या अंतराचा भार झेलणाऱ्या शरीराचाही विचार व्हायला हवा.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. मयूरी लुटे, शुशिकला आगाशे यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या मुली भारतासाठी ट्रॅकवर उतरतात. त्यांच्यामागे ब्रिटनसारखी तज्ज्ञांची फौज नसते. नुसती परवानगी दिली तर श्रीमंत देशांच्या मुली बऱ्या होतील आणि बाकीच्या कळ सोसत राहतील. म्हणून वर्ल्ड टूरच्या महिला संघांच्या परवान्यात दरवर्षीची दाबतपासणी आणि मापाचे सॅडल ही अट घाला. ज्युनिअर आणि लहान महासंघांच्या खेळाडूंसाठी एगलच्या प्रशिक्षण केंद्रात हे काम आपल्या खर्चाने करा. या तपासण्यांतून जमणारी मापे, नावे वगळून, सर्व देशांच्या महासंघांना खुली करा, म्हणजे दिल्लीच्या वेलोड्रोमवरचा फिजिओही त्यावरून काम करू शकेल. आणि नियम ठरवण्याआधी खेळाडूंना विचारा. हँडलबारच्या किमान रुंदीचा नियम 2025 मध्ये जाहीर झाला, तेव्हा लहान चणीच्या महिलांचे काय, हा प्रश्न त्यांना नंतर ओरडून विचारावा लागला. सॅडलच्या बाबतीत त्यांना आधी बोलवा, आणि त्या बैठकीत स्त्रीरोगतज्ज्ञही असू द्या.

कळावे.