फ्लॉपीवरील संहिता आणि मराठी विभागांची जबाबदारी

मराठीच्या अभ्यासकाला संहितेचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला; १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या जुन्या पोथीवरून तिची प्रत प्रसिद्ध केली. पाठचिकित्सेच्या या परंपरेवरच आपल्या विभागांतील संशोधन उभे आहे. मात्र साधन म्हणजे पोथी, बाड, दफ्तर किंवा छापील पहिली आवृत्ती, अशी जी मर्यादा आपण मनाशी बाळगून आहोत ती १९९०च्या सुमारास अपुरी पडू लागते. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतील मराठी लेखनाचा लक्षणीय भाग फ्लॉपीवर साठवला गेला, आणि त्याकडे आपण अद्याप साधन म्हणून पाहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भिवंडीचे उदाहरण घ्यावे. यंत्रमागांच्या या शहरात मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. खिळे जुळवण्याची पद्धत मागे पडून डीटीपी आले, तेव्हा लग्नपत्रिकांपासून मंडळांच्या स्मरणिकांपर्यंत आणि साप्ताहिकांपासून पदरमोड करून काढलेल्या कवितासंग्रहांपर्यंत सारा मजकूर अशा शहरांत संगणकावर जुळवला जाऊ लागला. उर्दूसाठी १९९४ मध्ये इनपेज आले. भोवतालच्या गावांत आगरी लग्नांत धवलारिणी जे धवले गातात, ते मुळात मौखिक. एखाद्या हौशी संग्राहकाने ते त्या काळी टिपून संगणकावर घातले असतील, तर ती टिपणे कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत आढळणार नाहीत. आढळलीच तर घरातल्या कपाटात, फ्लॉप्यांच्या डब्यात. दमट हवा, चुंबकीय थरावर धरणारी बुरशी, २६ जुलै २००५ सारखी अतिवृष्टी आणि अखेरीस भंगारवाला, एवढे वैरी या डब्याची वाट पाहत असतात.

केवळ फ्लॉपी वाचली गेली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. ती वाचणारे यंत्र आज जुन्या बाजारात तरी मिळते. पण मजकूर ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडला तेही कालबाह्य झाले आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. देवनागरीसाठी कोठे सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवावे लागे, तर कोठे प्रिंटरच्या जागी जोडलेल्या कुलपावाचून मराठीचा संच चालत नसे. त्याहून बिकट प्रश्न लिपीचा. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही डीटीपीच्या व्यवहारात पुढे कित्येक वर्षे ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची सांकेतिक व्यवस्था चालू राहिली. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. मोडीचा रुमाल समोर असावा आणि मोडी येणारा कोणी नसावा, तशी ही अवस्था आहे. म्हणूनच मजकुराबरोबर ते जुने सॉफ्टवेअर आणि ते फॉन्टही वाचवले पाहिजेत.

अन्यत्र हे काम विद्यापीठांनी केले आहे. सलमान रश्दी यांचा कागदपत्रांचा संग्रह २०१० मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने खुला केला, तेव्हा त्यांच्या जुन्या मॅकिंटॉश संगणकाचे वातावरणही अभ्यासकांसाठी पुन्हा उभे केले. अँडी वॉरहॉल याने १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाने फ्लॉप्यांवरून मिळवली व ती २०१४ मध्ये प्रकाशात आली. त्यांतील फाइलींचे स्वरूप अपरिचित असल्याने आधी ते उलगडावे लागले.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पुस्तक छापलेले असताना फ्लॉपी कशाला? याचे उत्तर प्रत्येक पाठचिकित्सकाला ठाऊक आहे. छापील प्रत हा अनेक पाठांपैकी एक पाठ असतो. गाळलेली कविता, बदललेला शेवट, मुद्रितशोधकाने ‘शुद्ध’ केलेली बोली, यांचा माग आधीच्या प्रतीतच लागतो. शिवाय पुष्कळ लेखन छापलेच गेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे तंत्रज्ञांचे काम आहे. ते अर्धेच खरे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचीही जागा बदलते. रूपांतर करणाऱ्या प्रणालीने ‘दऱ्या’चा ‘दर्या’ केला, तर डोंगरातली ओळ समुद्रात जाते, आणि आगरी गीतात दोन्ही शब्द संभवनीय आहेत. योग्य पाठ कोणता, हे तंत्रज्ञ कसे ठरवणार? ते ठरवणे हे संपादन आहे, आणि संपादन हे आपले काम आहे.

म्हणून विभागांनी आरंभ आपल्या परिसरापासून करावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जुन्या मुद्रणालयांत व डीटीपी केंद्रांत जाऊन फ्लॉप्यांची सूची करावी, आणि धन्याची अनुमती घेऊनच त्या ताब्यात घ्याव्यात. फ्लॉपी यंत्रात घालण्यापूर्वी तिची लेखनबंदीची खिडकी उघडी करावी; बुरशी दिसल्यास ती घालूच नये, जाणकाराकडे द्यावी. सुट्या फाइली न उतरवता संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी. रूपांतरित पाठाबरोबर मूळ प्रतिमा व फॉन्ट कायम जपावेत, म्हणजे आपली चूक पुढच्या अभ्यासकाला दुरुस्त करता येईल. डबीवरची चिठ्ठीही फेकू नये; तीच कित्येकदा त्या लेखनाची पुष्पिका असते.

पोथ्या शतकानुशतके टिकल्या, कारण कोणी ना कोणी त्यांच्या नकला करीत राहिले. फ्लॉपीला तेवढा अवधी नाही. जो डबा यंदा उघडला जाणार नाही, तो पुढच्या पिढीला उघडून काही उपयोग होईल याची शाश्वती देता येत नाही.